सहा खोक्यांची वाटणी

माझा डावा कान माझ्या थोरल्या भावाने फोडला. ज्या वस्तूने फोडला ती मीच पुण्यातून पारखून आणली होती. होम थिएटरचा मधला स्पीकर. लांबट, काळा, जड आणि चारी कोपरे धारदार. दुकानात मी त्याच्यावर बोटं वाजवून बघितली होती आणि खोकं भरीव आहे म्हणून खूश झालो होतो. भरीव होतंच. माझ्या कानामागच्या हाडाला चीर गेली.

पण आधीचं आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा आपल्याच अंगाने सांगतोय.

आम्ही लोणीचे. दोघंच भाऊ. दादा शेती बघायचा, कांदा, बटाटा, मका, आणि बैलगाड्याच्या शर्यतीचा शौक करायचा. मी मंचरला नोकरीला जाऊन येऊन अर्धी शेती करायचो. रानात नवं घर बांधलं तेव्हा हॉल दोघांनी भांडून मोठा काढला. भांडून म्हणजे गवंड्यासमोर एकमेकांची गचांडी धरून. आमच्या घरात ठरलेली कुठलीच गोष्ट गचांडी न धरता ठरलेली नाही. बाप गेल्यावर तेरावा कुठल्या आचाऱ्याकडून करायचा यावरूनही दादाने माझ्या थोबाडीत ठेवून दिली होती आणि मी त्याच्या पायावर पाट टाकला होता. जेवायला मात्र दोघं शेजारी बसलो.

हॉलला होम थिएटर पाहिजे हे दोघांनाही मान्य होतं. कसं, यावरून जुंपली. दादाला मंचरच्या दुकानातले माणसाएवढे उंच दोन स्पीकर आवडले होते. त्याचं एकच मागणं, छाती हलली पाहिजे. मी म्हणालो, छाती हलवायची असेल तर लग्नाच्या डीजेपुढे जाऊन उभा राहा. घरात बसून सिनेमा बघायचा तर पुढचे तीन आणि मागचे दोन असे पाचही स्पीकर एका कंपनीचे, एकाच जातीचे पाहिजेत. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर तिचा आवाज वाटेत बदलता कामा नये. डावीकडे ट्रक, मध्ये रिक्षा आणि उजवीकडे परत ट्रक, असला तमाशा मला नको. त्यातही मधला स्पीकर सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणसं बोलतात ती त्याच्यातून. तो बाजूच्या दोघांशी जुळला नाही तर बोलणं आणि बोलणारा वेगळे वाटतात. सहावं खोकं वुफरचं, ते नुसतं घुमायला. ते कुठलंही चाललं असतं.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी बैलावानी. एक थोराड आन् एक बारीक जुपला की गाडा तिरका पळतो."

"तेच म्हणतोय मी कवाचा."

"मग तसं सांग की. कंपनी कंपनी काय लावलंय."

पुण्याला दोघं गेलो. दुकानातला पोरगेला सेल्समन हुशार होता. पुढचे दोन त्याने मी सांगितले तेच दिले आणि मधला दुसऱ्याच कंपनीचा गळ्यात मारायला लागला. म्हणे काही फरक पडत नाही सर, कुणाला कळत नाही. मी म्हणालो, लाव. त्याने लावला. एक बाई पडद्यावर बोलत चालत होती. बाजूच्या स्पीकरात ती चांगली ठणठणीत होती आणि मध्ये आली की तिला पडसं होत होतं. मी म्हणालो हा नको. तो परत म्हणाला, सर, तो तुमचा भास आहे. भास म्हटल्यावर माझं टाळकं सटकलं, पण माझ्याआधी दादा पुढे झाला. त्याने त्या माणसाची कॉलर धरून त्याला काउंटरवर आडवा केला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "पावणं, माझा भाऊ म्हणतो म्हंजी पडसं हाय."

त्या माणसाने जुळणारा मधला काढून दिला. येताना जीपमध्ये सहा खोकी आणि आम्ही दोघं. दादा सारखा मागे वळून खोकी हलत तर नाहीत ना ते बघत होता. मला माझ्या भावाचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, खरं सांगतो.

चारेक वर्षं ते पाच स्पीकर एका घरात वाजले. पाचही आवाज नीट जुळतील अशी खुर्चीची जागा मी खडूने आखून ठेवली होती. दादा त्या खुर्चीवर कधी बसला नाही, ती माझी, असं तो सगळ्यांना दटावायचा.

मग विहिरीच्या पाळीवरून फाटलं. त्याचं पुराण सांगत नाही. पाण्यावरून घरं फुटतात तशी आमची फुटली. त्याने माझ्या पाळीत मोटर चालू केली, मी दगडाने स्टार्टर फोडला, त्याने माझ्या कांद्याच्या रोपात बैल सोडले. बायकांचं बोलणं बंद झालं. शेवटी आणे गावचे आमचे मामा वाटणी करायला आले.

मामा म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. भावकीतली चार माणसं पंच म्हणून ओट्यावर बसली आणि घरातली एकूण एक वस्तू अंगणात आली. आमच्याकडे वाटणी अशीच होते. भांडी ताटाला ताट लावून, पोती पोत्याला पोतं लावून, कुणाला तांब्याभर कमी जाता कामा नये. बैलांपाशी आल्यावर मामा म्हणाले, "जोडी फोडायची न्हाई. जोडी थोरल्याला, म्हशी धाकट्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं.

मग स्पीकर आले. मामांनी मोजले. सहा खोकी, तीन-तीन. पुढच्या दोनांतला एक याला, एक त्याला. मागच्या दोनांतला एक याला, एक त्याला. मधला थोरल्याला, वुफर धाकट्याला. टीव्ही थोरल्याला, ॲम्प्लिफायर धाकट्याला. झालं.

मी उठून उभा राहिलो. "मामा, हीबी जोडीच हाय. फोडली की दोघांच्याबी कामाची न्हाई. एक तर समदं त्याला द्या, न्हाईतर समदं मला द्या."

"बैलाला जीव असतो," मामा म्हणाले. "ह्यो डबा हाय. डब्याला कसली आलीय जोडी."

मी दादाकडे बघितलं. पाच स्पीकर म्हणजे काय हे त्या अंगणात मी सोडून फक्त त्याला ठाऊक होतं. एक शब्द तो बोलला असता तर मामांनी ऐकलं असतं. त्याने खाली मान घातली आणि आपली तीन खोकी उचलून आत नेली. सगळं मला जावं हे त्याला नको होतं, आणि सगळं मागावं तर मी त्याला फुकट्या म्हणालो असतो, तेही नको होतं. म्हणून मोडलेलं बरं. मीही दुसऱ्याला सगळं जाऊ दिलं नसतं. आमचं रक्तच तसलं.

हॉलच्या मध्ये भिंत आली. माझ्या बाजूला अर्धा हॉल, दोन स्पीकर आणि एक वुफर. टीव्ही नवा घेतला आणि स्पीकरांना जोड शोधत हिंडलो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, पुणे. कंपनीने ती जात बनवायची बंद केली होती. नवी जात आली होती, तिचा आवाज पातळ. जुन्यातला एक मिळाला तर त्याचा आतला कागदी पडदा कुणीतरी बदललेला. तरी आणून लावला. ऐकलं की दात शिवशिवायचे. बायको म्हणाली, आवाज येतो ना, मग झालं की. तिच्याशीही भांडलो.

शेवटी नाक मुठीत धरून मी निरोप धाडला, की एक म्हैस घे आणि तुझी तीन खोकी दे. दादाचा उलट निरोप आला, "सांग त्याला, माझं सामान हाय, मी चुलीत घालीन."

चुलीत घातलं असतं तर परवडलं असतं. एका संध्याकाळी, उजेड होता अजून, मी म्हशीला पाणी दाखवत होतो आणि दादाच्या मक्यातून कुत्री भुंकायला लागली. दोन-तीन कुत्री, मोठाली, एकाच लयीत. दादाकडे कुत्रं नाही. मी कान दिला आणि बादली खाली ठेवली. तो आवाज मला ओळखीचा होता. कुत्र्यांचा नाही, ज्याच्यातून कुत्री भुंकत होती त्याचा.

बांध ओलांडून गेलो. रानडुकरं हाकलायला दादाने मक्यात एक बांबू रोवला होता, आणि त्या बांबूला, युरियाच्या गोणीत अर्धा गुंडाळून, तारेने आवळून, माझा मधला स्पीकर बांधला होता. खाली एक जुना ॲम्प्लिफायर, कुत्र्यांचा आवाज भरलेला पेनड्राइव्ह आणि बॅटरी. दवाने खोक्याची एक कड फुगली होती. ज्याच्यासाठी याने पुण्यात माणूस आडवा केला होता, त्याच्यातून हा डुकरांवर कुत्री भुंकवत होता.

मी तारा सोडायला लागलो. दादा पलीकडून पळत आला. "हात लावू नको."

"लाज वाटती का तुला?"

"माझ्या वाट्याचं हाय. मी त्याच्यात मुतीन."

पहिला मी मारला. पाण्याचा लोखंडी पाइप पडलेला होता, तो त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, दोन्ही कानांनी. तो खाली बसला आणि बांबू घेऊनच उठला. बांबू माझ्या पाठीत मोडला आणि स्पीकर गोणीसकट खाली आला. आम्ही मक्यात लोळलो, त्याने माझ्या दंडाला चावा घेतला, मी त्याच्या तोंडात माती कोंबली. आईवरून शिव्या दिल्या, आई एकच असून. मग मी वर बसलो होतो तेव्हा त्याचा चांगला हात कुठेतरी चाचपडत गेला, गोणीतून ते खोकं त्याच्या हाताला लागलं आणि त्याने ते फिरवलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. वहिनी किंचाळत होती पण तिचं नुसतं तोंड हलत होतं. मानेवरून गरम काहीतरी वाहत होतं. दादा तुटल्या खांद्याने मला उचलायला बघत होता आणि दोघं परत परत पडत होतो.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, मोटरसायकलवरून पडलो. पलीकडच्या कॉटवर दादाने तेच सांगितलं.

"दोघं एकाच गाडीवरून?"

"एकाच," दादा म्हणाला.

"आणि हे दंडाला दात कुणाचे?"

मी दंडावर चादर ओढून घेतली. घरातला मार घरातच ठेवायचा एवढं एक आम्हाला शिकवावं लागलेलं नाही.

पुढे पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. उजव्या कानात बारीक शिट्ट्या वाजल्या, मी बटण दाबत गेलो. डावा लावला आणि मी शिट्टीची वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. मला वाटलं यंत्र चालू करायला विसरले. तेवढ्यात तपासणाऱ्या बाईंनी दार उघडून सांगितलं, झालं, या बाहेर. डॉक्टर म्हणाले, आतली नसच गेली आहे, ऑपरेशनने येणार नाही.

बाहेर जिन्यात बसून मी रडलो. बायकोला म्हणालो, हे घरी कुणाला सांगायचं नाही. दादाला तर मेलं तरी नाही.

लोकांना वाटेल मी त्याच्यावर दया केली. दया कसली, डोंबलाची. माझा कान घेतला हे त्याला कळू द्यायचं नव्हतं, कारण मग तो जिंकला. त्याचं हाड दोन महिन्यांत सांधलं, माझं काही सांधणार नव्हतं, म्हणजे हिशोबात मी हरलो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला वाईट वाटलं असतं. त्याचं वाईट वाटणं मला माझ्या दारात नको होतं. मी गावात सांगितलं, कान ठणठणीत आहे.

मग सगळी सोंगं आली. बैठकीत डाव्या भिंतीला चिकटून बसायचं, म्हणजे सगळे उजवीकडे. रस्त्याने बायकोने डावीकडून चालायचं आणि मागून गाडी आली की कोपर मारायचं. कुणी हाक मारली की कुठून मारली ते कळत नाही, म्हणून हाकेला न वळता खाली बघत चालायचं. लोक म्हणायला लागले, लई शिष्ट झाला. म्हणू दे. स्पीकर मी बंदच करून टाकले. एका कानाला सगळं एकाच बाजूने येतं. आता पुढचा कोण, मागचा कोण, कुणाशी कोण जुळतंय, सगळं सारखंच. वुफरवर बायको धुतलेले कपडे ठेवायला लागली.

नेमकं तेच दादाला भिंतीपलीकडे कळलं. वर्ष होत आलं, याच्या घरातून आवाज नाही. त्याने आपला अर्थ लावला, खोकी अपुरी म्हणून हा रुसलाय.

रविवारी दुपारी दार ढकलून तो आत आला. एका वेळी एक अशी तीन खोकी आणली. एक खांदा अजून खाली होता. मधल्या स्पीकरचा फुटलेला कोपरा त्याने फेविकॉल आणि भुसा भरून घासून काळा रंगवला होता. खाली बसून तो वायरी जोडायला लागला. मी मध्ये पडलो नाही. खोटं कशाला बोलू, ते पाच काळे स्पीकर परत एका खोलीत बघून मला बरं वाटलं.

"बस," त्याने खुर्ची सरकवली. मी बसलो. त्याने एक मारामारीचा सिनेमा लावला. पुढच्या उजव्याशी जाऊन विचारलं, "येतो का?" मी मान हलवली. मधल्याशी, "ह्यातनं?" मान हलवली. मग तो माझ्या मागे, डाव्या स्पीकरपाशी गेला. पडद्यावर लोक एकमेकांना हाणत होते. मी सरळ बघत बसलो आणि मधूनमधून अंदाजाने मान हलवत राहिलो.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं स्पीकर परत आले म्हणून. मी तिच्याकडे बघून हसलो.

दादा समोर आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "हसतो?"

"काय?"

"इतकं म्हणलो तरी नुसता मान हलवून हसतो? वर्षभर तोंडात धरून व्हतो मी. आन् तू हसतो?"

"काय म्हणला तू?"

त्याने माझी गचांडी धरली आणि खुर्चीसकट मला भिंतीला लावला. "परत म्हणून घेतो का माझ्याकडनं? नाक घासायला लावतो?" मी गुडघा घातला, त्याने मूठ उचलली, आणि बायको मध्ये आली. लग्न होऊन आल्यापासून ती दादाच्या समोर कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"त्यास्नी आलंच न्हाई ऐकू," ती म्हणाली. "त्या कानानं काय बी येत न्हाई. तवापासनं न्हाई. मारा आता."

दादाची मूठ तशीच वर राहिली. मग त्याने ती माझ्या डाव्या कानाशी आणली आणि उघडली. चुटकी वाजवली असावी, बोटं हललेली मला कडेने दिसली. परत वाजवली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वर्षभर जे मला बघायचं नव्हतं ते तिथे आलं होतं, आणि मला त्यातून काही मिळालं नाही.

तो वळला. मागच्या डाव्या स्पीकरची वायर त्याने ओढून काढली, स्पीकर उचलला आणि उजव्या भिंतीला नेऊन ठेवला. मग पुढचा डावा उचलायला लागला.

"आरं, असं ठेवत न्हाईत," मी म्हणालो. "समदं बिघडतं."

तो ऐकेना. मी उठलो आणि त्याच्या पाठीत गुद्दा घातला. दुसरा घातला. मग मोजले नाहीत. शिव्या देत होतो, रडत होतो, हाताला लागेल तिथे मारत होतो, पाठीवर, मानेवर, त्या सांधलेल्या खांद्यावर. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला उलट मारलं नाही. स्पीकर छातीशी धरून तो उभा राहिला, पडू नये म्हणून. माझे हात थकले तेव्हा चार पावलं चालून त्याने तो बाकीच्यांच्या शेजारी ठेवला आणि वायर सोलायला खाली बसला.

पाचही स्पीकर आता उजव्या भिंतीला एका रांगेत आहेत. ऐकायला अगदी भिकार लागतं. दादा रोज संध्याकाळी येऊन माझ्या डाव्या हाताला बसतो, आणि काही बोलायचं असलं की उठून उजवीकडे येतो.